ऑटोजायरोचा जनक : हुआन दे ला सिएर्व्हा

उन्हाळ्यांत महारुखाचीं बीजें झाडावरून सुटूं लागतात, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. बीं चपटें, कागदासारखें हलकें, मध्यें दाणा व दोहों बाजूंस पंख. तें दगडासारखें सरळ खालीं येत नाहीं. गरगर फिरत, वाऱ्याबरोबर थोडें वाहत, सावकाश जमिनीस टेकतें. गेल्या वर्षीं पदार्थविज्ञानाच्या तासास एका विद्यार्थ्यानें असलीं दोन-तीन बीजें आमच्या मेजावर आणून ठेविलीं, आणि यांत कोणतेंहि यंत्र नसतां तें फिरतें कशानें, असा प्रश्न केला. उत्तर आम्हीं दिलें खरें, परंतु तें आमचें आम्हांलाच अपुरें वाटलें. त्या रात्रीं पुस्तकें चाळितां चाळितां ज्या पुरुषाची आठवण झाली, त्याची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों. ज्या बीजाकडे आपण सहज पाहून पुढें जातों, त्याच्याच युक्तीवर या मनुष्यानें माणसें आकाशांत नेलीं व सुखरूप खालीं आणिलीं.

हुआन दे ला सिएर्व्हा याचा जन्म स्पेन देशाच्या आग्नेय भागांतील मुर्सिया शहरीं २१ सप्टेंबर १८९५ रोजीं झाला. वडील कायदेपंडित व मोठे राजकारणी असून पुढें अनेक वेळां मंत्रिपदावर चढले. आईकडील आजोबा रिकार्दो कोदोर्निऊ हे वनविद्येचे इंजिनियर. मुर्सियाजवळील सिएर्रा एस्पूञ्या हा डोंगर उघडाबोडका पडला होता. त्यावर झाडें लावून त्यांनीं तो पुन्हां हिरवा केला. झाडाच्या बीजांची आणि आमच्या चरित्रनायकाची गांठ अशी घरांतच पडली होती, असें लिहिण्याचा मोह आम्हांस होतो. पण त्यास आधार कांहीं नाहीं, म्हणून तो आवरतों.

राइट बंधूंचें विमान १९०३ सालीं उडालें, तेव्हां हुआन आठ वर्षांचा होता. पुढें कुटुंब माद्रिदला राहावयास गेलें, व तेथें त्यास दोन जिवलग मित्र मिळाले. एक होसे बार्काला व दुसरा पाब्लो दिआस. पाब्लोच्या वडिलांचा सुतारकामाचा कारखाना होता. म्हणजे लांकूड, हत्यारें व जागा या तिन्ही गोष्टी आयत्याच. पतंग झाले, इंजिनाशिवाय तरंगणारे पंख झाले, आणि मग या पोरांनीं खरेंच विमान बांधण्याचें मनांत घेतलें. पैसा अर्थातच नव्हता. झां मोव्हे नांवाच्या एका फ्रेंच वैमानिकाचें मोडलेलें विमान पडून होतें. तें नवें करून देतों, मात्र तें तुम्हीं उडवावें, असा करार या मुलांनीं त्याजबरोबर केला. पुढील पंख्यासाठीं चांगलें मुरलेलें लांकूड मिळेना, तेव्हां एका जुन्या मद्यगृहाच्या टेबलाची फळी विकत घेऊन त्यांतून तो कोरला, असें सांगतात. तिघांच्या आडनांवांचीं आद्याक्षरें जुळवून विमानास बी-सी-डी असें नांव दिलें. पण त्याच्या तांबड्या रंगामुळें लोक त्यास खेंकडाच म्हणत. १९१२ सालीं हा खेंकडा उडाला. स्पेन देशांत बांधलेलें व यशस्वी रीतीनें उडालेलें तें पहिलें विमान होय, असें पुष्कळ मानतात. बांधणाऱ्यांपैकीं हुआन त्या वेळीं अवघा सोळा-सतरा वर्षांचा होता. आमच्या शाळेंत मॅट्रिकच्या वर्गांत बसणारे विद्यार्थी याच वयाचे असत.

पुढें हुआननें माद्रिद येथील रस्ते, कालवे व बंदरें यांच्या सरकारी इंजिनियरिंग विद्यालयांत शिक्षण पुरें करून पदवी घेतली. १९१९ सालीं मारीआ लुइसा गोमेस-आसेबो यांजबरोबर त्याचा विवाह झाला, व त्याच सुमारास मुर्सियाच्या वतीनें तो स्पेनच्या लोकसभेवर निवडून गेला. आतां त्यास बहुवचनानें संबोधणें प्राप्त आहे. परंतु सभासद म्हणून त्यांनीं काय केलें हें सांगण्यांत आम्ही वेळ दवडीत नाहीं. त्यांचें मन तेथें नव्हतें.

त्यांचें मन एका मोडलेल्या विमानापाशीं होतें. स्पेनच्या लष्करानें जाहीर केलेल्या स्पर्धेसाठीं सिएर्व्हा यांनीं तीन इंजिनांचें एक मोठें विमान रचिलें होतें. १९१९ सालीं त्याची परीक्षा चालू असतां वैमानिक कॅप्टन रिओस यांनीं जमिनीच्या फार जवळ वळण घेतलें. वेग कमी पडला, पंखांनीं हवेचा आधार सोडला, आणि तें भलें मोठें विमान खालीं कोसळलें. वैमानिक वांचले; विमानाचा मात्र चुराडा झाला.

येथें थोडें थांबून विचार केला पाहिजे. साध्या विमानाचा पंख स्थिर असतो. तो हवेंतून पुरेशा वेगानें पुढें सरकेल तोंपर्यंतच वर उचलला जातो. वेग एका मर्यादेखालीं गेला कीं उचल एकाएकीं नाहींशी होते. म्हणजे विमानाचा जीव त्याच्या वेगांत, आणि जमिनीवर उतरतांना तर वेग कमी करणें भागच. कित्येक वैमानिक याच कात्रींत सांपडून प्राणांस मुकले. दुसरा कोणी असता तर त्यानें वैमानिकास दोष देऊन तेंच विमान पुन्हां बांधिलें असतें. सिएर्व्हा यांनीं निराळाच प्रश्न स्वतःस विचारला. विमान हळू चालत असतांहि त्याचा पंख मात्र वेगानेंच चालत राहील, अशी कांहीं तोड नाहीं काय? पंख विमानास घट्ट न जोडतां त्यास भिंगरीप्रमाणें डोक्यावर फिरत ठेविलें, तर विमान रेंगाळलें तरी पंख रेंगाळणार नाहीं.

त्यांची कल्पना अशी. विमानाच्या नाकाशीं नेहमींचें इंजिन व पंखा असावा. त्यानें विमान पुढें ओढावें. वर एका खांबावर लांब पातीं बसवावीं, पण त्यांस इंजिनाची शक्ति देऊं नये. विमान पुढें जाऊं लागलें कीं समोरून व खालून येणारी हवा त्या पात्यांतून वर जाते, व त्या हवेनेंच तीं फिरत राहतात. इंजिन बंद पडलें तरी विमान खालीं येऊं लागतांच खालून येणारा वारा पातीं फिरवीत राहील, व विमान महारुखाच्या बीजासारखें सावकाश उतरेल. या यंत्रास त्यांनीं ऑटोजायरो, म्हणजे आपोआप फिरणारें, असें नांव दिलें, आणि १९२० सालीं त्याचें पेटंट घेतलें.

कागदावर सर्व ठीक दिसत होतें. यंत्र मात्र जमिनीवरून धांवूं लागलें कीं कलंडून पडे. पहिलें यंत्र फसलें. त्यापुढील यंत्रांचीहि तीच गत झाली. मोडावें, दुरुस्त करावें, पुन्हां धांवडावें, पुन्हां एका कुशीवर पडावें, असा क्रम तीन वर्षें चालला.

कारण काय तें आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं गणित करून पाहावें. समजा, पात्याचें टोंक ताशीं २०० मैल वेगानें फिरत आहे आणि विमान ताशीं ६० मैल पुढें जात आहे. जें पातें पुढच्या दिशेस येत आहे त्यास हवेचा वेग २६० मैल लागतो. जें मागच्या दिशेस जात आहे त्यास फक्त १४० मैल. उचल ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. तेव्हां एका बाजूची उचल दुसऱ्या बाजूच्या जवळजवळ साडेतीनपट झाली. एका बाजूनें कोणी साडेतीनपट जोरानें उचलूं लागल्यावर गाडी उलटणार नाहीं तर काय होईल?

सिएर्व्हा यांनीं प्रथम एकावर एक असे दोन पंखे परस्परांच्या उलट दिशांनीं फिरविले, म्हणजे एकाची चूक दुसरा फेडील. पण वरच्या पंख्यानें ढवळलेली हवा खालच्यास नीट लागेना, आणि हिशेब जुळेना. मग एकच पंखा घेऊन पात्यांची ठेवण बदलून पाहिली. तेंहि साधेना. चमत्कार असा कीं, त्यांनीं केलेलीं रबराच्या पिळावर उडणारीं लहान नमुन्याचीं यंत्रें मात्र सुरेख उडत. नमुना उडतो आणि मोठें यंत्र पडतें, हा काय प्रकार?

याचें उत्तर त्यांस सांपडलें, आणि सबंध चरित्रांतील ही गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. नमुन्याच्या पात्यांचा कणा वेताचा होता. वेत लवतो. मोठ्या यंत्राचीं पातीं ताठ होतीं. तीं लवत नसत. नमुन्यांत पुढें येणारें पातें जास्त उचल मिळतांच वर लवे, व मागें जाणारें खालीं ये. वर चढणाऱ्या पात्यास हवा कमी कोनानें लागते, म्हणून त्याची उचल घटते; खालीं येणाऱ्या पात्यास ती अधिक कोनानें लागते, म्हणून त्याची उचल वाढते. दोन्ही बाजूंचा हिशेब आपोआप सारखा होतो. मग मोठ्या यंत्राचीं पातीं ताठ तरी कां बांधावीं? त्यांनीं प्रत्येक पात्याच्या मुळाशीं एक बिजागरी बसविली. दरवाजाला असते तशीच बिजागरी, मात्र आडवी. तिच्यामुळें पातें मोकळेपणीं वरखालीं होऊं शके. तें वर उडून मिटून जाईल कीं काय, ही भीति नव्हती. गोफणींतला दगड फिरत असेतोंवर दोरी ताणलेलीच राहते. त्याचप्रमाणें फिरणारें पातें बाहेर ताणलेलेंच राहतें.

बिजागरीचें हें चौथें यंत्र जानेवारी १९२३ मध्यें माद्रिदजवळील हेताफेच्या मैदानावर घोडदळांतील लेफ्टनंट गोमेस स्पेन्सर यांनीं उडविलें. तें कलंडलें नाहीं. थोड्याच दिवसांनीं एका उड्डाणांत इंजिन बंद पडलें. विमान जमिनीपासून तीस-पस्तीस फूट उंच, नाक वर, वेग जवळजवळ संपलेला. नेमकी ती स्थिति, जींत साधें विमान कोसळतें. पाहणाऱ्यांच्या काळजांत धस्स झालें असेल. परंतु पातीं फिरत राहिलीं, आणि यंत्र हळूच जमिनीवर येऊन बसलें. त्याच महिन्याच्या अखेरीस क्वात्रो व्हियेंतोस, म्हणजे चार वारे, अशा सुंदर नांवाच्या विमानतळावर त्यानें चार किलोमीटरांची फेरी पुरी केली.

यापुढील प्रगति आम्ही थोडक्यांत सांगतों. १९२५ सालीं इंग्लंडांतील फार्नबरो येथें सरकारी अधिकाऱ्यांसमोर ऑटोजायरोचे प्रयोग झाले, व तेथील विमानखात्याचें लक्ष वेधलें. स्कॉटलंडचे उद्योगपति जेम्स वियर यांच्या साहाय्यानें १९२६ सालीं सिएर्व्हा ऑटोजायरो कंपनी स्थापन झाली, आणि सिएर्व्हा यांचें काम इंग्लंडांत सुरू झालें.

सर्वच दिवस सुखाचे नव्हते. फेब्रुवारी १९२७ मध्यें हॅम्बल येथें वैमानिक फ्रँक कोर्टनी उड्डाण करीत असतां पात्याचें मूळ तुटलें व यंत्र पडलें. कोर्टनी यांच्या बरगड्या मोडल्या. प्राण वांचले हें दैव. तपासाअंतीं दिसलें तें असें. पातें वरखालीं मोकळें होतें, पण पुढेंमागें आवळलेलें होतें, आणि प्रत्येक फेऱ्यांत त्या दिशेनें बसणाऱ्या हिसक्यांनीं धातु थकून गेला होता. सुरक्षित विमान म्हणून ज्याची जगभर ख्याति करावयाची, त्यानेंच माणूस जायबंदी केला! सिएर्व्हा यांनीं पात्यास दुसरी बिजागरी दिली, उभी, कीं ज्यायोगें तें थोडें पुढेंमागेंहि होऊं शकावें. त्याच १९२७ सालीं ते स्वतः विमान चालवावयास शिकले. ज्या यंत्रांत इतरांस बसवावयाचें, त्यांत आपण बसलें पाहिजे. हा त्यांचा बाणा पुढें शेवटपर्यंत दिसतो.

१८ सप्टेंबर १९२८ रोजीं ते लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून निघाले. सोबत एका फ्रेंच विमानविषयक मासिकाचे संपादक आंरी बुशे बसले होते. इंग्लिश खाडी ओलांडून ते पॅरिसच्या ले बुर्झे विमानतळावर उतरले. फिरत्या पात्यांच्या यंत्रानें तो समुद्र ओलांडण्याचा हा पहिला प्रसंग.

अमेरिकेंत हॅरल्ड पिटकेर्न यांनीं या यंत्राचे हक्क घेतले. एप्रिल १९३१ मध्यें त्यांचा एक ऑटोजायरो राष्ट्राध्यक्षांच्या व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उतरविण्यांत आला, व त्याच महिन्यांत अमेलिया इअरहार्ट या धाडसी बाईंनीं तसल्याच यंत्रांतून १८,४१५ फूट उंची गांठली. सिएर्व्हा यांस १९३२ सालीं गुगेनहाइम सुवर्णपदक मिळालें. पदकांपेक्षां आम्हांस त्यांच्या सी-३० या यंत्राचें कौतुक अधिक आहे. आरंभींच्या ऑटोजायरोंना फिरत्या पात्यांखेरीज आंखूड स्थिर पंखहि असत, आणि वळणें घेणें त्यांच्या साहाय्यानें होई. पण वेग मंदावला कीं ते निरुपयोगी होत. सी-३० मध्यें पंख काढूनच टाकिले. फिरत्या चक्राचा माथा वैमानिकानें डोक्यावरून खालीं लोंबणाऱ्या दांड्यानें हवा तसा कलता करावा, कीं यंत्र त्या बाजूस वळे. चक्राचा व्यास ३७ फूट, आणि जमिनीवर आल्यावर पातीं घडी घालून मागें घेतां येत. ७ मार्च १९३४ रोजीं सिएर्व्हा यांनीं स्वतः तें यंत्र व्हॅलेन्सियाच्या बंदरांत देदालो नांवाच्या लढाऊ जहाजावर उतरविलें, आणि तेथूनच थोडें धांवून पुन्हां उडविलें. पुढें जागच्या जागीं उडी मारून उडण्याची सोयहि त्यांनीं साधली. जुलै १९३६ मध्यें लोकांनीं ती पाहिली.

तो जुलै महिना मात्र दुसऱ्याच कारणासाठीं इतिहासांत नोंदला गेला आहे. चरित्र लिहितांना गैरसोयीचीं पानें गाळावीं, हा प्रघात आम्हांस पसंत नाहीं. स्पेनच्या लोकनियुक्त सरकाराविरुद्ध सेनापति बंड करण्याच्या बेतांत होते. सिएर्व्हा राजपक्षाचे, व त्यांची सहानुभूति बंडवाल्यांकडे होती. जनरल फ्रँको यांस कॅनरी बेटांहून मोरोक्कोंतील सैन्याकडे नेण्यासाठीं विमान हवें होतें. तें इंग्लंडांत भाड्यानें मिळवून देण्याच्या कामीं सिएर्व्हा यांनीं साहाय्य केलें. तें विमान ११ जुलै रोजीं क्रॉयडनहूनच निघालें. मग जें यादवी युद्ध पेटलें तें १९३९ पर्यंत विझलें नाहीं, व त्यांत लक्षावधि माणसें मेलीं. त्याची झळ त्यांच्या घरासहि लागली. त्यांचे भाऊ रिकार्दो यांस त्याच वर्षीं माद्रिदजवळ विरुद्ध पक्षाच्या लोकांनीं ठार केलें. वृद्ध वडिलांनीं माद्रिदमधील नॉर्वेच्या वकिलातींत आश्रय घेतला व तेथेंच १९३८ सालीं देह ठेविला. एकेका माणसाचा जीव वांचावा म्हणून ज्यानें सोळा वर्षें बुद्धि झिजविली, त्याचाच हात अशा कामास लागावा, या गोष्टीचा मेळ आम्हांस अद्याप घालतां आलेला नाहीं.

९ डिसेंबर १९३६ रोजीं सकाळीं क्रॉयडनवर दाट धुकें होतें. सिएर्व्हा ॲम्स्टरडॅमला जाणाऱ्या डच कंपनीच्या विमानांत प्रवासी म्हणून बसले. तें साधें स्थिर पंखांचें, दोन इंजिनांचें विमान होतें. धुक्यांत वैमानिकांस दिशा समजावी म्हणून मैदानावर पांढरी रेघ आंखलेली असे. विमान त्या रेघेपासून डावीकडे सरकलें, पुरेसें उंच गेलें नाहीं, व विमानतळापलीकडील पर्ली येथील एका घरावर आदळलें. आंतील सतरा माणसांपैकीं पंधरा मृत्यु पावलीं. स्वीडनचे माजी पंतप्रधान लिंडमन हेहि त्यांतच होते. सिएर्व्हा यांचें वय एकेचाळीस वर्षांचें होतें.

त्यांच्या मागें ऑटोजायरोचे दिवस लवकरच ओसरले. हेलिकॉप्टर आलें. त्याचीं पातीं इंजिनानेंच फिरतात, म्हणून तें हवेंत एका जागीं स्थिर राहूं शकतें. ऑटोजायरोस वारा नसतां तें साधत नाहीं. परंतु सिएर्व्हा यांची बिजागरी हेलिकॉप्टरनें उचलली. जर्मनीचे फोके यांनीं सिएर्व्हा यांचीं यंत्रें परवान्यानें बांधूनच प्रथम हात बसविला होता. आज ज्यांत बिजागरी दिसत नाहीं अशा हेलिकॉप्टरांचींहि पातीं मुळाशीं लवतात. तो नमुन्यांतला वेतच निराळ्या रूपानें आला म्हणाना!

आणि ऑटोजायरो अगदींच मेला असेंहि नाहीं. रशियांत जन्मलेले अमेरिकन इंजिनियर ईगोर बेन्सन यांनीं १९५५ सालीं एक एकआसनी यंत्र उडविलें : चार नळ्यांचा सांगाडा, एक खुर्ची, पाठीमागें लहानसें इंजिन व डोक्यावर दोन पातीं. त्यास त्यांनीं जायरोकॉप्टर म्हटलें, व त्याचे आराखडे विकले. कित्येकांनीं तें घरींच बांधिलें. असल्या यंत्रांत बसणारास भिंत नाहीं, कांच नाहीं. पायांखालीं शेतें दिसतात, तोंडावर वारा लागतो. सायकलीवर बसून आकाशांत गेल्यासारखेंच तें. लहानशा मैदानावर उतरावें आणि ढकलीत छपराखालीं न्यावें. या मोहानें अनेकांस वेड लाविलें आहे. पण ज्यांनीं शिकल्यावांचून तें उडविलें, त्यांपैकीं कांहीं प्राणांस मुकलेहि. कारण या यंत्राचा वेग कमी झाला तर भय थोडें. परंतु दांडा एकदम पुढें लोटून पात्यांवरील भारच काढून घेतला, तर तीं मंदावतात, व यंत्र उलथतें. महारुखाच्या बीजावर असा दांडा नसतो, हें त्या विद्यार्थ्यास सांगावयाचें आमच्याकडून राहिलें होतें.

१९२८ सालीं इंग्लिश खाडी ओलांडणारें तें यंत्र अजून आहे. ज्या ले बुर्झे विमानतळावर तें उतरलें, तेथीलच विमानसंग्रहालयांत तें ठेविलेलें आहे.